पुढचे ब्रेक आम्ही बदलले

४ नोव्हेंबर

डॉक्टरीणबाईंनी रोज पानभर लिहायला सांगितलंय. म्हणे अक्षर बारीक होत चाललंय, हाताला वळण राहायला हवं. अक्षर बारीक होत नाही, हल्लीच्या वह्यांच्या ओळी रुंद असतात. मी त्यांना तसं सांगितलंही. त्या हसल्या आणि अर्धी गोळी होती तिची एक केली.

लिहायचं काय पण? सगळं आयुष्य कारखान्याची बस चालवली. सकाळची पाळी न्यायची, रात्रीची आणायची. एक ओरखडा नाही. तेवढं लिहिलं की माझं पान संपतं.

आमची ही म्हणाली, "घरातलं लिहा."

तर घरातलं असं. आम्ही वरच्या वस्तीत राहतो. खाली हॉस्पिटल, बाजार, सगळं खाली. मध्ये वळणावळणाचा उतार. मुलगा जहाजावर आहे, चार-सहा महिने तोंड दिसत नाही. सूनबाईने उन्हाळ्यानंतर आमच्या गाडीवर धंदा सुरू केलाय. वस्तीतल्या आजारी माणसांना खाली न्यायचं, परत आणायचं. गाडी माझी. मी स्वतःहून तिला दिली. मला हल्ली गाडी चालवायचा कंटाळा येतो.

७ नोव्हेंबर

सूनबाई दुपारी आली, पण गाडीतून लवकर उतरलीच नाही. मी खिडकीतून बघत होतो. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून नुसती बसली होती. मग आत आली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "बाबा, पेडल जरा खाली जातंय."

मी म्हटलं, "उतारावर गिअर खालचा ठेवावा. सारखं पेडलवर उभं राहू नये."

"हो बाबा."

"मी वीस टन घेऊन तो उतार उतरलोय."

"हो बाबा."

हिने माझ्याकडे असं पाहिलं की मी जाऊन चाकं बघून आलो. पुढच्या चाकांना जळका वास येत होता. डिस्कवर निळसर झाक आली होती. ब्रेकची चकती तापून तापून निळी पडली की समजावं, पाणी डोक्यावरून जायला लागलंय.

८ नोव्हेंबर

आज मास्तरीणबाई भेटल्या. शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, आता मूत्रपिंडं काम करत नाहीत. आठवड्यातून तीनदा सूनबाई त्यांना रक्त शुद्ध करायला नेते. मला बघताच म्हणाल्या, "तुमच्या सुनेचे हात सोन्याने मढवा."

मला वाटलं, वेळेवर पोचवते म्हणून.

"कालच मढवायला हवे होते," त्या म्हणाल्या. "मधल्या वळणावर ब्रेक लागेचनात. पेडल थेट तळाला गेलं. मागे आम्ही तिघं, डिकीत चाकाची खुर्ची. पोरीने आवाज केला नाही. गिअर खाली, आणखी खाली, मग हँडब्रेक, आणि गाडी हळूच मातीच्या कडेला टेकवली. आम्हाला म्हणाली, इंजिनाला जरा दम खाऊ द्या."

"आणि तुम्हाला कसं कळलं?"

"अहो, चाळीस वर्षं मुलं खोटं बोलताना बघितलीत."

घरी आलो ते तणतणतच. विचारलं, मला का नाही सांगितलं? सूनबाई भांडी पुसत होती. म्हणाली, "सांगितलं असतं तर आईंनी धंदा बंद करायला लावला असता."

"आईंनी?"

ही तिथेच बसली होती. ती म्हणाली, "हो हो, मीच ती." दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मला काही कळलं नाही. बायकांचं आपसात काहीतरी चालू असतं.

९ नोव्हेंबर

रात्रभर विचार केला. नुसतं ब्रेक ऑइल बदलून भागणार नाही. ही गाडी चौघांच्या कुटुंबासाठी बनवलेली. हिच्यात रोज पाच माणसं आणि खुर्ची बसवून असा उतार उतरवला तर पुढचे ब्रेक तापणारच. पुढच्याच चाकांवर सगळा भार येतो. ब्रेक तापले की ऑइल उकळतं, ऑइल उकळलं की वाफ होते, आणि वाफ म्हणजे फुगा. पाय दाबतो तो फुगा, चाक नाही.

उपाय एकच. मोठे कॅलिपर. कॅलिपर म्हणजे चकतीला दोन्हीकडून आवळणारा चिमटा. याच कंपनीची याच सांगाड्यावरची एक जड गाडी आहे, मोठ्या इंजिनाची. तिचे पुढचे ब्रेक मोठे आहेत, आणि मागचे दोन्ही गाड्यांचे सारखेच. म्हणजे पुढचा-मागचा तोलही बिघडत नाही.

सकाळी चहा घेताना सूनबाईने सहज विचारलं, "बाबा, त्या जड गाडीचे कॅलिपर आपल्याला बसतील का हो?"

मी थक्क झालो. माझ्या मनात होतं तेच तिच्या तोंडात! "बसतील," मी म्हटलं, "पण त्यांना चाक एक नंबर मोठं लागेल. नाहीतर रिम घासेल."

"असं होय," ती म्हणाली, आणि पुठ्ठ्याचा एक कापलेला तुकडा पुढे ठेवला. काल संध्याकाळी भाजी आणायला गेली होती, वाटेत भंगारवाल्याकडे थांबून कॅलिपरचा आकार पुठ्ठ्यावर काढून आणला होता म्हणे. आमच्या चाकात धरून बघितला. घासत होता.

मी सांगितलं तसंच झालं.

११ नोव्हेंबर

भंगारवाल्याकडे गेलो. वस्तीत त्याला सगळे चुंबक म्हणतात. एकदा लोखंड त्याच्याकडे गेलं की सुटत नाही. अपघातात मागून चेपलेली एक जड गाडी त्याच्या आवारात होती, पुढचा भाग धडधाकट.

चुंबक म्हणाला, "काका, ब्रेकचं काम आहे. गॅरेजात टाका."

मी म्हटलं, "गॅरेजवाले जन्माला यायच्या आधीपासून मी गाड्या उघडतोय."

तो माझ्या हाताकडे बघत राहिला. थंडी होती, हात जरा हलत होता. मी तो खिशात घातला. सूनबाईने मध्येच विचारलं, "पिस्टनला गंज आहे का ते दाखवाल? आणि दोन्ही बाजूंचे एकाच गाडीचे द्या, जोडी फोडू नका." चांगलं विचारलं. मी तेच विचारणार होतो.

कॅलिपर त्याचे, ते उघडून साफ करायचे, आतले रबर नवे. चारही मोठी चाकंही त्याच्याकडचीच. डिस्क, पॅड आणि रबराचे होजपाइप मात्र कोरे करकरीत. यात मी तडजोड करत नाही.

१३ नोव्हेंबर

काम सुरू. गाडी अंगणात लोखंडी घोड्यांवर चढवली. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालणाऱ्याला मी माणूस म्हणत नाही. मला स्टूल दिलं, गाडीच्या अगदी समोर. तिथून सगळं दिसतं.

आज मी जुने कॅलिपर काढले. बोल्ट गंजून बसले होते. मी पाना लावला, जोर द्यायला गेलो, पण पाना बोल्टवरून सारखा निसटायचा. पान्यांचा दर्जा घसरलाय. मग सूनबाईने पान्यावर लांब पाइप चढवला आणि वर उभी राहिली. कर्रर्र करून बोल्ट सुटला. तिच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते लग्नाच्या फोटोतही नाही.

मी ओरडलो, "कॅलिपर होजपाइपवर लोंबकळू देऊ नकोस, आतून चिरतो!"

"तारेने बांधलाय बाबा."

बघितलं तर खरंच बांधला होता. शिष्य तयार होतोय.

तिचं एकच वाईट. काम थांबलं की फोनमध्ये डोकं. आज डोकावलो तर कुणीतरी चाक उघडत होता. जाहिरात असावी.

१५ नोव्हेंबर

पिस्टनचं रबर बसवणं हे नाजूक काम. बांगडीएवढं रबर, बारीक खाचेत तसूभरही पीळ न पडता बसलं पाहिजे. पीळ पडला तर ऑइल गळणार आणि मग कुणाचं काय होईल ते सांगायला नको. म्हणून ते मी स्वतः करायचं ठरवलं. सूनबाई म्हणाली, "करा ना बाबा," आणि समोर बसून राहिली.

रबर ऑइलने बुळबुळीत होतं. दोनदा हातातून पडलं. तिने दोनदा धुऊन दिलं.  तिसऱ्यांदा जवळजवळ बसलंच होतं, इतक्यात घरातून हिने हाक मारली, "अहो, फोन आलाय, तुमच्या लेकाचा!" धावतपळत गेलो तर फोन बंद झालेला.

"काय म्हणत होता?"

"तुम्ही कसे आहात विचारत होता."

परत आलो तर रबर बसलेलं. सूनबाई म्हणाली, "तुम्ही बसवलंच होतं बाबा, मी फक्त कडेने दाबलं." दुसऱ्या बाजूचंही तिनेच दाबून टाकलं होतं. बोट फिरवून बघितलं. कुठे पीळ नाही, कुठे वर नाही. माझ्या उमेदीच्या दिवसांतही यापेक्षा बरं बसलं नसतं, हे मान्य करतो.

१६ नोव्हेंबर

आपली गाडी घोड्यांवर असल्यामुळे पेशंटांचे हाल चाललेत. टॅक्सीवाला एकच आहे, तो चाकाची खुर्ची घेत नाही. मास्तरीणबाईंना भाजीचा टेम्पो रिकामा असला तरच नेतो; त्यांची कालची रक्त शुद्ध करायची फेरी चुकली. सूनबाई सकाळी त्यांच्याकडे जाऊन आली. पाय सुजलेत म्हणाली. तेवढंच म्हणाली, आणि चहा न घेता अंगणात गेली.

संध्याकाळपर्यंत दोन्ही कॅलिपर चढले. मी स्टुलावरून सांगत होतो, "हा डाव्या बाजूचा. तो उजव्या."

तिने विचारलं, "बाबा, डावी म्हणजे गाडीची डावी की तुमची?"

मला राग आला. "जन्मभर गाड्या चालवल्या, मला डावं-उजवं शिकवतेस? माझी डावी तीच गाडीची डावी!"

ती कॅलिपर हातात धरून थांबली. मग म्हणाली, "बरं बाबा." आणि सांगितलं तसे लावले. दोन्ही चपखल बसले. बोल्ट किती आवळायचे याचा एक पाना असतो, ठरलेल्या जोराला कट्ट करतो. तो तिने चुंबकाकडून मागून आणला होता. चुंबकाने वस्तू उसनी दिली, ही वस्तीतली ऐतिहासिक घटना.

१७ नोव्हेंबर

ब्रेकच्या नळ्यांत शिरलेली हवा काढायची होती. ही पेडलवर बसली, सूनबाई चाकाशी. "दाबा आई." "दाबलं." "सोडू नका." "नाही सोडत." "आता सोडा." पारदर्शक नळीतून ऑइल येतं, त्यातून बुडबुडे निघतात, ते थांबले की हवा गेली. बुडबुडे थांबले. तरीही पेडल स्पंजासारखं. दाबलं की जातंय, जातंय, जातंय.

पुन्हा काढली. पुन्हा तेच.

मी म्हटलं, ऑइल खराब आहे. नवा डबा आणला. पुन्हा तेच.

१८ नोव्हेंबर

मी म्हटलं, होजपाइप फुगत असेल. तो नाही. मी म्हटलं, पेडलखालचा मुख्य पंप गेला असेल. नाचता येईना अंगण वाकडं, असं ही म्हणाली. 

सूनबाई सकाळपासून गाडीखाली आडवी पडून कॅलिपरकडे नुसती बघत होती. विचारलं, काय बघतेस? म्हणाली, "काही नाही."

१९ नोव्हेंबर

आज खरं लिहितो, नाहीतर या वहीचा उपयोग काय.

मला भीती वाटते. बस चालवताना कधी वाटली नाही. हे ब्रेक माझ्या शब्दावर बसवलेत. उद्या ही पोर त्यांच्यावर विसंबून माणसं घेऊन उतारावर जाईल. माझं डोकं ठिकाणावर नसेल तर? आज बुटाची नाडी बांधायला बराच वेळ लागला. शेवटी हिने बांधली आणि जणू काही झालंच नाही अशी हवापाण्याच्या गप्पा मारत राहिली.

दुपारी मी म्हणालो, "पुरे झालं. जुने ब्रेक परत लावू, गाडी विकू, धंदा बंद कर."

सूनबाई माझ्यासमोर कधी आवाज चढवत नाही. आज चढवला. "आणि मास्तरीणबाईंनी काय करायचं? घरात बसून सुजायचं?"

"दुसरं कुणीतरी बघेल."

"कोण बघेल? नाव सांगा बाबा."

 ती हात पुसत आत निघून गेली. ही म्हणाली, "बघितलंत, धंदा बंद करणारी सासू कोण आहे ते?" त्या दिवशीच्या बोलण्याचा अर्थ मला तेव्हा कुठे लागला.

२० नोव्हेंबर

शोधून काढलं! मी शोधून काढलं!

झालं असं. सकाळी उन्हात बसलो होतो. सूनबाई आली, कालचा राग नाही, काही नाही. हातात पाण्याची अर्धी भरलेली बाटली, झाकण लावलेली. शेजारी बसली आणि बाटली उलटीसुलटी करत राहिली. मग म्हणाली, "बाबा, गंमत बघा. बाटली कशीही धरा, हवा आपली वरच."

"हवा वरच जाणार," मी म्हटलं. "पाणी जड, हवा हलकी."

"हो ना. म्हणजे तळाला भोक पाडलं तर पाणीच येईल, हवा नाही."

"अर्थात!"

 बाटली उलटी. मी बाटलीकडे बघतोय. आणि एकदम डोक्यात घंटी वाजली. हवा काढायचा निपल! तो कॅलिपरच्या माथ्यावर असायला हवा. मी उठलो, गाडीपाशी जाऊन वाकलो. निपल खाली! दोन्हीकडे खाली! म्हणजे डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे. बोल्ट बसतात, पाइप बसतो, सगळं बसतं, फक्त हवा वरच्या पोकळीत अडकून राहते आणि खालून नुसतं ऑइल निघतं.

मी ओरडलो, "उलटे लागलेत! अगं, मी गाडीसमोर तोंड करून बसलो होतो! माझी डावी ती गाडीची उजवी!"

"अय्या, खरंच की हो बाबा!" सूनबाई म्हणाली.

ही दारातून म्हणाली, "धन्य आहे. कसं काय बाई सुचतं तुम्हाला!" तिला माझं इतकं कौतुक करताना मी फारसं पाहिलेलं नाही.

दुपारपर्यंत अदलाबदल केली. हवा काढली. पहिल्याच दाबाला नळीतून हा एवढा बुडबुडा निघाला. आणि मग पेडल! पाय ठेवला की दगड. बोटभर जातं आणि थांबतं. मी तीनदा दाबून बघितलं, चौथ्यांदा केवळ आनंदासाठी.

२२ नोव्हेंबर

नवे पॅड आणि नव्या डिस्क एकमेकांना सरावायला लागतात. सपाट रस्त्यावर वेग घ्यायचा, हलके हलके कमी करायचा, गाडी पूर्ण थांबवायची नाही, निवू द्यायची, पुन्हा. कोरे ब्रेक घेऊन थेट उतारावर जाणारा मूर्ख.

ज्याने काम केलं त्यानेच पहिल्यांदा चालवायची, हा आमच्या डेपोचा नियम. नदीकाठच्या मोकळ्या रस्त्यावर गेलो. मी स्टिअरिंगवर बसलो. बऱ्याच महिन्यांनी. सीट आपलीशी वाटली. इंजिन सुरू केलं. पाय ब्रेकवर होता. तो उचलून ॲक्सिलरेटरवर ठेवायचा, एवढंच. पायाला सांगितलं. पाय म्हणाला, थांब.

पुन्हा सांगितलं. गेला, पण त्याच्या मर्जीने गेला.

सूनबाई शेजारी बसली होती. ती समोर नदीकडे बघत होती. तिने घाई केली नाही, काही विचारलंही नाही. पायाला सांगावं लागतं, हे बरोबर नव्हे. ज्या पायाला सांगावं लागतं त्याच्या हवाली ब्रेक करू नयेत. हा नियम मी डेपोत पोरांना शिकवायचो.

मी इंजिन बंद केलं, उतरलो आणि म्हटलं, "तूच चालव. मला शेजारून आवाज ऐकायचाय. चालवणाऱ्याला आवाज नीट येत नाही."

"खरंय बाबा," ती म्हणाली आणि सीट पुढे ओढून घेतली.

ब्रेक उत्तम. गाडी डावी-उजवीकडे ओढत नाही, कुरकुर नाही. आवाज मी नीट ऐकला.

२४ नोव्हेंबर

ब्रेकमध्ये फेरफार केला की वाहन तपासणीच्या कार्यालयात गाडी दाखवावी लागते. साहेब तरुण होता, पण कामाचा पक्का. बॅटरी घेऊन खाली वाकला, बोल्ट बघितले, पाइप कुठे घासतो का बघितलं, स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवायला लावलं. मग पुढची चाकं फिरत्या रोलरवर घेतली. सूनबाईने ब्रेक दाबला. डावा काटा आणि उजवा काटा जोडीने चढले, जुळ्या भावांसारखे. साहेबाने पुन्हा दाबायला लावला. पुन्हा तसंच.

"छान काम आहे," तो म्हणाला. "कुठल्या गॅरेजमध्ये केलंत?"

"घरी," मी म्हटलं.

"कुणी केलं?"

"मी."

साहेबाने माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातातले कागद फडफडत होते, वारा होता. मग त्याने सूनबाईकडे पाहिलं. तिची नखं अजून काळी आहेत, कितीही घासली तरी निघत नाहीत.

"हो, बाबांनीच केलं," ती म्हणाली.

साहेबाने शिक्का मारला आणि जाताना हात मिळवला. माझ्याशी नाही, तिच्याशी. तिला म्हणाला, "जपून चालवा, मिस्त्री."

जेवताना मी हे गमतीने सांगितलं. मला वाटलं, दोघी हसतील. ही ताटाकडे बघत म्हणाली, "त्या साहेबाची नजर चांगली आहे."  जेवण गोड लागलं नाही.

२५ नोव्हेंबर

आज पहिली फेरी. मीही शेजारी बसलो. मागे मास्तरीणबाई, वस्तीतल्या लेथवाल्यांचे म्हातारे वडील, ते गाडी हलली की झोपतात, आणि त्यांची मुलगी. डिकीत खुर्ची.

मी उतार आजवर स्वतः गाडी चालवत उतरलो होतो. शेजारी बसून उतरताना तो वेगळाच दिसतो. पहिलं वळण, दुसरं वळण. सूनबाई वळणाच्या आधीच वेग कमी करते, वळणात शिरल्यावर नाही. हे तिला मी शिकवलंय की तिचं तिला आलंय, मला आठवेना. पेडल जागच्या जागी. मधल्या वळणावर, जिथे त्या दिवशी गाडी मातीला टेकवली होती, तिथे ती जरा ताठ बसली. मी बघितलं न बघितल्यासारखं केलं.

अगदी खालच्या वळणाच्या पुढे, जिथे रस्ता अरुंद होतो, तिथे गल्लीतून पाण्याचा टँकर उलटा बाहेर आला. ना हॉर्न, ना माणूस. आख्खा रस्ता अडला. समोर नुसतं लोखंड.

माझा उजवा पाय आपोआप खाली दाबला गेला. माझ्या पायाखाली पत्रा होता, पेडल नव्हतं. पण पाय पत्र्याला टेकायच्या आत गाडीने नाक खाली घातलं होतं. सरळ रेषेत. ना घसरली, ना ओढली, ना किंचाळली. टँकरच्या मागच्या फळीवरचा गंज मोजता येईल इतक्या जवळ जाऊन उभी राहिली. जुन्या ब्रेकवर आम्ही त्या फळीच्या आत असतो.

 मग मागून लेथवाल्यांचे वडील जागे झाले. "आलं का हॉस्पिटल?"

"येतंय आजोबा," सूनबाई म्हणाली. आवाज शांत. टँकरवाला खिडकीतून डोकं काढून माफी मागू लागला, तिने त्याला हाताने पुढे जायची खूण केली आणि गिअर टाकला.

मास्तरीणबाई मागून म्हणाल्या, "पोरी, हे ब्रेक कुणी बसवले गं?"

सूनबाईने तोंड उघडलं. ती काय म्हणणार ते मला माहीत होतं.

"हिने," मी म्हटलं. "सगळे हिने बसवले. बोल्ट हिने काढले, रबर हिने बसवलं. मी डावं-उजवं सांगितलं, तेही उलटं."

तिने माझ्याकडे वळून पाहिलं. मी ओरडलो, "रस्त्यावर बघ, रस्त्यावर!"

२६ नोव्हेंबर

रात्री नीट झोप लागली. सकाळी मागची पानं वाचून काढली. "मी कॅलिपर काढले", "मी शोधून काढलं". हिला विचारलं, "त्या दिवशी लेकाचा फोन खरंच आला होता का गं?"

"कुठल्या दिवशी?"

"रबराच्या."

ती म्हणाली, "तुम्हाला आज सुचलं होय विचारायला?" आणि इतकी हसली की डोळ्यांना पदर लावला.

मला वाईट वाटायला हवं होतं. आश्चर्य म्हणजे वाटलं नाही. म्हणजे ती बाटलीही. आणि तो पुठ्ठाही. एवढं सगळं करून माझा एक केसही वाकडा होऊ दिला नाही या दोघींनी. अशी हुशार पोर कुणाच्या घरात आहे? आमच्या घरात आहे.

दुपारी लेकाचा फोन आला, खरा. म्हणाला, "बाबा, ब्रेक बदलले म्हणे तुम्ही?" मी म्हटलं, "तुझ्या बायकोने बदलले. तू जहाजावरच राहा, इथे तुझ्यावाचून काही अडत नाही."

२९ नोव्हेंबर

आज सकाळी टॅक्सीवाला दारात. तोच, जो खुर्ची घेत नाही. टँकरची गोष्ट वस्तीभर झालीय. टोपी हातात घेऊन उभा.

"काका, ऐकलं तुम्ही ब्रेक बदललेत. माझीही गाडी उतारावर मार खाते. बघाल का?"

जिभेवर "आण उद्या" आलंच होतं. सवय असते.

"मी नाही रे बाबा," मी म्हटलं. "मिस्त्री आत आहे." आणि घरात तोंड करून हाक मारली, "सूनबाई! तुझ्याकडे आलेत."

तो हसला. त्याला वाटलं, काका थट्टा करताहेत. मी त्याला म्हटलं, "हसून घे. उद्यापासून रांग लागेल, मग नंबर मिळायचा नाही."

सूनबाई ओले हात पुसत आली. त्याचं सगळं ऐकून घेतलं. गाडी कुठली, माणसं किती बसतात, वास कधीपासून येतो. मला मध्ये बोलायची फार इच्छा झाली, बोललो नाही. मग ती म्हणाली, "करू आपण. पण एक आहे. यापुढे मास्तरीणबाईंची खुर्ची तुम्हीही न्यायची, मी नसेन तेव्हा."

टॅक्सीवाला कान खाजवत "बरं" म्हणाला.

तो गेल्यावर मी म्हटलं, "अगं, मला हे सुचलंच नव्हतं."

ती म्हणाली, "मलाही आत्ताच सुचलं, बाबा."

या वेळी ती खरं बोलत होती. तिचा चेहरा मी नीट बघितला. मग आम्ही दोघं त्याच्या गाडीखाली काय काय निघेल याची चर्चा करत जेवायच्या वेळेपर्यंत अंगणातच बसलो, आणि आतून हिने दोनदा हाक मारली तरी कुणी उठलं नाही.